मानेच्या विकारावरील अपंगत्व निवृत्तिवेतनाबाबत मदत हवी आहे

मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. सैन्यात 17 वर्षे, त्यांतील बरीचशी डोंगराळ रस्त्यांवर, अवजड वाहने चालवून मी 2019 मध्ये मुदत पूर्ण करून निवृत्त झालो. भरतीच्या तपासणीत मानेचा कोणताही दोष नोंदलेला नव्हता. निवृत्तीच्या वेळी मात्र वैद्यकीय मंडळाने सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिसचे (मानेच्या मणक्यांची झीज) अपंगत्व 20 टक्के, तेही आजन्म, असे ठरवून 'सेवेमुळे उद्भवलेले नाही, सेवेमुळे वाढलेलेही नाही' असा शेरा मारला आणि त्या एका ओळीवर माझा दावा फेटाळला गेला. आज फवारणीचा पंप पाठीवर घेतला की पिकाच्या दोन ओळी होण्याआधीच उजव्या हाताची बोटे बधिर होतात आणि नोझल हातातून सुटते.

भरतीवेळी नोंद नसलेला आजार सेवेतच उद्भवला असे सामान्यतः गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह प्रकरणात 2013 मध्ये म्हटले आहे. शिवाय 20 टक्के अपंगत्व 50 टक्के धरण्याचा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही 2014 च्या रामअवतार निकालाने मिळतो. म्हणजे माझी अडचण टक्क्यांची नसून शेऱ्याची आहे.

अपिलाची सहा महिन्यांची मुदत मी अज्ञानाने घालवली, ही चूक माझीच. असाच शेरा मिळालेल्या कोणी उशिरा अपील करून तो बदलून घेतला आहे काय? विलंबाचे कारण कसे मांडले, आणि वाहनचालक म्हणून केलेल्या ड्युटीचा कोणता पुरावा जोडला, हे कृपया सविस्तर कळवावे.