खेळाडूचं राजकारण, ग्रुपमधली भांडणं आणि जर्सीवरचा फोटो

मिरज_लेफ्टबॅक यांचा प्रश्न

मंडळी, मिरज-सांगलीतल्या फुटबॉलवाल्यांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात सध्या दोन भांडणं एकदम पेटलीत.

पहिलं खेळाडूंवरून. ब्राझीलचा खेळाडू नेमारनं तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोला पाठिंबा दिला म्हणून एक गट त्याला शिव्या घालतो. दुसरा गट म्हणतो, खेळ बघा, बाकी सोडा. फ्रान्सचा एंबापे तिथल्या निवडणुकीवर बोलला तेव्हा हीच माणसं अगदी उलट बोलत होती. भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतियाचं नाव निघालं की विषय थेट आपल्याकडच्या पक्षांवर येतो आणि दोन-चार जण ग्रुप सोडून जातात.

दुसरं भांडण गावातलं. आमच्या अकरा जणांच्या स्पर्धेला नगरसेवकपदाच्या एका इच्छुक उमेदवारानं बक्षीस आणि सगळ्या संघांना जर्सी देऊ केल्यात. अट एवढीच की छातीवर त्यांचा फोटो हवा. निम्मे संघ तयार आहेत, निम्मे म्हणतात खेळणारच नाही.

नियम काय सांगतो? आणि ग्रुपमध्ये राजकारण पूर्ण बंद करावं का?

शिट्टी_सातारा यांचं उत्तर

आधी जर्सीचं सांगतो, कारण तिथं मताचा प्रश्नच नाही, लिहिलेला नियम आहे. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयफॅब या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत नियम 4 खेळाडूच्या साहित्याबद्दल आहे. साहित्यावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा, विधान किंवा चित्र चालत नाही. ‘राजकीय’ म्हणजे काय तेही तिथंच दिलंय: जिवंत वा मृत कोणतीही व्यक्ती, स्थानिक पातळीपासून आंतरराष्ट्रीय पातळीपर्यंतचा कुठलाही पक्ष किंवा संघटना, सरकार आणि त्याची खाती, एखादी विशिष्ट राजकीय घटना. तेव्हा नगरसेवकपदाच्या इच्छुकाचा फोटो सरळ यात बसतो. तो सत्ताधारी पक्षाचा की विरोधी, यानं काही फरक पडत नाही.

आता यातली पळवाट नीट वाचा. व्यक्तीबद्दलच्या कलमाला एक अपवाद आहे: ते नाव स्पर्धेच्या अधिकृत नावाचा भाग असेल तर चालतं. म्हणून तर आपल्याकडे ‘अमुकसाहेब चषक’ असं नाव आधी मंजूर करून घेतात, मग जर्सीवर सगळं आपोआप येतं. तुम्हाला हे नको असेल तर जर्सीवर वाद घालत बसू नका, स्पर्धेचं नाव ठरवताना बैठकीत हजर राहा. नाव ‘मिरज फुटबॉल चषक’ ठेवलंत की अपवाद लागू होत नाही.

पंचाला काय करता येतं तेही सांगतो. सामन्याआधी साहित्य तपासतानाच आक्षेप घ्यायचा असतो, पहिल्या गोलनंतर नाही. खेळ सुरू असताना लक्षात आलं तर खेळाडूला बाहेर जाऊन जर्सी बदलायला सांगायचं, आणि पंचाच्या परवानगीशिवाय परत आत आला तर पिवळं कार्ड. गोल केल्यावर शर्ट काढला तर आत काहीही लिहिलेलं असो वा नसो, पिवळं कार्ड आहेच. आतल्या बनियनवर घोषणा दिसली तर त्याची शिक्षा स्पर्धेचे आयोजक किंवा संघटना ठरवतात, पंच फक्त अहवालात लिहितो. म्हणूनच प्रवेश अर्जावर ‘स्पर्धा आयफॅबच्या चालू नियमांनुसार’ ही ओळ आणि शिक्षा काय, हे छापलेलं पाहिजे. ती ओळ नसेल तर पंचाचा अहवाल घेऊन आयोजक काय करणार? संघ म्हणतील, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

हा नियम मोठ्यांनाही सोडत नाही. 11 नोव्हेंबर 2016 ला वेम्बलीवर इंग्लंड आणि स्कॉटलंडचे खेळाडू युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ खसखशीच्या फुलाची काळी पट्टी बांधून उतरले. फिफानं दोन्ही संघटनांना दंड केला. त्यानंतर 2017 मध्ये नियम 4 ची भाषा जास्त स्पष्ट केली गेली. सैनिकांच्या आठवणीवर जिथं एवढा खल झाला, तिथं वॉर्डातल्या फोटोला सूट कशी मागायची?

कृष्णाकाठ यांचं उत्तर

शिट्टीदादांनी मैदानावरचं सांगितलं. मी ग्रुपमधल्या भांडणाबद्दल लिहितो.

तुमच्याकडे तीन वेगळ्या माणसांवर एकाच मापानं बोललं जातंय. एक, मत मांडणारा खेळाडू. दोन, निवडणूक लढवणारा माजी खेळाडू. तीन, खेळाची संघटना चालवणारा पक्षाचा माणूस. एंबापे पहिल्यात येतो: जून 2024 मध्ये युरो स्पर्धेच्या वेळी त्यानं तरुणांना मतदान करा, टोकाच्या विचारांना रोखा असं सांगितलं, बस. भुतिया दुसऱ्यात. 2014 ला तृणमूलकडून दार्जिलिंग लोकसभा, 2016 ला सिलीगुडी विधानसभा, दोन्ही हरले, मग सिक्कीममध्ये स्वतःचा पक्ष काढला. प्रसून बॅनर्जीही दुसऱ्यातच, भारताचे जुने कर्णधार, 2013 पासून हावड्याचे तृणमूलचे खासदार. यांना मत द्यायचं की नाही हे तिथले मतदार ठरवतील. भुतियानं भारतासाठी मारलेल्या गोलांचं मोल त्यानं कमी होत नाही आणि वाढतही नाही.

फुटबॉलप्रेमींनी खरं भांडायला पाहिजे ते तिसऱ्या प्रकारावर, आणि नेमकं तिथंच ग्रुप शांत असतात. सप्टेंबर 2022 मध्ये कल्याण चौबे भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले. ते माजी गोलरक्षक, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल दोन्हीकडे खेळलेले, आणि भाजपचे उमेदवार म्हणून 2019 ला लोकसभा, 2021 ला विधानसभा लढलेले. त्यांनी 33 विरुद्ध 1 मतानं हरवलं कुणाला, तर भुतियालाच. त्यांच्याआधी कितीतरी वर्षं राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल अध्यक्ष होते, त्यांच्याआधी काँग्रेसचे प्रियरंजन दासमुन्शी. म्हणजे खुर्ची कुठल्या एका पक्षाची नाही. ‘तुमच्या पक्षानं फुटबॉल बुडवलं’ हे वाक्य कुणीच कुणाला म्हणू शकत नाही, सगळ्यांची पाळी येऊन गेलीय.

अध्यक्षांच्या पक्षावर बोलण्यापेक्षा कारभारावर बोला. पटेलांची मुदत डिसेंबर 2020 मध्ये संपली तरी निवडणूक झाली नाही. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रशासक समिती नेमली, आणि ऑगस्टमध्ये फिफानं बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन भारताला निलंबित केलं. निलंबन त्याच महिन्यात उठलं, पण तेवढ्यात गोकुलम केरळ क्लबच्या मुलींचा घात झाला. आशियाई क्लब स्पर्धेसाठी संघ ताश्कंदला पोचलेला होता, आणि एकही सामना न खेळता परत आला. त्या मुलींचा कुठल्या पक्षाशी काय संबंध होता? पुढे 2025 मध्ये महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला 15 वर्षांचा करार संपत आला, नवा वेळेत झाला नाही, आणि इंडियन सुपर लीगचा हंगाम लटकला. खेळाडूंचे पगार अडकण्याची वेळ आली. यावर तुमच्या ग्रुपमध्ये किती मेसेज पडले, बघा जरा.

गोलपोस्ट_विटा यांचं उत्तर

राजकारण पूर्ण बंद करा, याला माझा साफ विरोध. बंद केलंत तर ब्राझीलचा फुटबॉलपटू सॉक्रेटिसवर कसं बोलणार? ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असताना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कोरिंथियान्स क्लबमध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक निर्णय मतदानानं घ्यायची पद्धत आणली, सरावाच्या वेळेपासून सगळं. ते सोडून सॉक्रेटिसची नुसती टाचेनं दिलेली पासिंग सांगायची, हे त्याला न्याय देणं नव्हे. यादवीत अडकलेला आयव्हरी कोस्ट 2005 ला विश्वचषकाला पात्र ठरल्यावर त्यांचा कर्णधार द्रोग्बानं ड्रेसिंग रूममधून देशातल्या लढणाऱ्या गटांना शस्त्रं खाली ठेवायची विनंती केली. तीही ‘राजकारण’ म्हणून डिलीट करणार का?

मणिपूरचंच घ्या. 4 जुलै 2023, बेंगळुरू, दक्षिण आशियाई संघटनेच्या सॅफ चषकाची फायनल. कुवेतला हरवल्यावर भारताचा मणिपुरी खेळाडू जिक्सन सिंग सात रंगांचा, मैतेई समाजाचा झेंडा अंगावर घेऊन पदक घ्यायला गेला. मणिपूर तेव्हा जळत होतं. त्यानं नंतर सांगितलं की शांततेसाठी लक्ष वेधायचं होतं. पण त्याच राज्यातले कुकी समाजाचे लोक दुखावले गेले, आणि तेही फुटबॉलवेडेच लोक. यात दोन्ही बाजू ऐकायची सवय लागली तर ग्रुपचा उपयोग. नुसतं ‘देशद्रोही’ किंवा ‘वाघ’ म्हणून मोकळं व्हायचं असेल तर खरंच बंद केलेलं बरं.

नेमारबद्दल. त्यानं 2022 च्या निवडणुकीआधी बोल्सोनारोला उघड पाठिंबा दिला, हे खरंच. पण ब्राझीलमधली चीड एकट्या नेमारवर नव्हती. बोल्सोनारोच्या मोर्च्यांत सगळे पिवळी जर्सी घालून यायचे, त्यामुळे विरोधात असलेल्या लोकांना स्वतःच्या देशाची जर्सी घालणं नको वाटायला लागलं. विट्यात किंवा मिरजेत पिवळा शर्ट घालणाऱ्या पोराला हे माहीत नसतं आणि त्यानं ते ओझं वाहायची गरजही नाही. तशीच नेदरलँड्सची केशरी जर्सी. तो रंग ऑरेंज-नासाऊ राजघराण्याचा आहे. आपल्याकडे स्क्रीनसमोर कुणी तो घालून आला की लगेच पक्ष चिकटवायचा, हे थांबवा.

आणि एक कळकळीचं. निम्मी भांडणं खोट्या मेसेजवर होतात. मेस्सी आपल्या अमुक नेत्याबद्दल हे म्हणाला, रोनाल्डोनं तमुक देशाला नाकारलं. फॉरवर्ड आला की चार गोष्टी बघा: तारीख आहे का, कुठल्या सामन्यानंतर किंवा पत्रकार परिषदेत म्हणाला ते लिहिलंय का, मूळ व्हिडिओ आहे का, खेळाडूच्या अधिकृत खात्यावर ते आहे का. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाका. जुना फोटो नव्या मजकुरासह फिरत असला तर बहुतेक वेळा लगेच सापडतो. आवाजाची क्लिप असेल तर जास्त जपून, हल्ली कुणाचाही आवाज बनवता येतो. मूळ सापडेपर्यंत ॲडमिननं मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ करावा, टाकणाऱ्याला शिव्या न देता.

सामना चालू असताना मात्र ग्रुप सेटिंगमध्ये ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ करून ठेवा आणि शिट्टी झाल्यावर अर्ध्या तासानं उघडा. हरल्याच्या पहिल्या दहा मिनिटांत लिहिलेलंच पुढं आठवडाभर पुरतं.

कराड_मिडफिल्ड यांचं उत्तर

वर सगळं पटलं. मी पैशाचं आणि वेळेचं बोलतो, कारण फोटो नको म्हणणं सोपं, स्पर्धा उभी करणं अवघड. देणगीदार हवाच. पण पैसा कसा घ्यायचा याची रीत आहे.

निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली की इच्छुकाकडून काही घेऊच नका. पालिका निवडणुकीची आचारसंहिता राज्य निवडणूक आयोगाची असते. त्या काळात उमेदवारानं वाटलेली जर्सी किंवा रोख बक्षीस मतदारांना दिलेली लाच ठरू शकते, आणि तुमची स्पर्धा उगाच पुराव्याच्या व्हिडिओत येते. तारखा जवळ असतील तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन उत्तर घ्या. तोंडी ‘चालतंय हो’ वर जाऊ नका. फ्लेक्सला पालिकेची परवानगी वेगळी, स्पीकरला पोलिसांची वेगळी, आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद म्हणजे बंद.

आचारसंहिता नसेल तर कुठल्याही पक्षाच्या माणसाची देणगी घ्या, पण मंडळाच्या खात्यावर, पावती देऊन. नाव मैदानाच्या कडेच्या फलकावर, सगळ्या देणगीदारांचं एकाच आकारात. बक्षीस क्लबच्या खात्यावर जमा करा. स्टेजवर पाकीट दिलं की त्याचा फोटो होतो, आणि मग फोटोसाठीच सगळं चालतं.

आता वेळ. हे कुणी मोजत नाही आणि फायनलचा खेळ इथंच होतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. 90 मिनिटं, मध्ये 15, वाया गेलेल्या वेळेची सात-आठ, म्हणजे दोन तासांपेक्षा थोडं कमी. बरोबरी झाली तर जादा वेळेची 30 आणि पेनल्टीला 15 धरा. सव्वातीनला सुरू केलं तर पेनल्टी उजेडात होतात. पाहुण्यांसाठी चारपर्यंत थांबलात की शेवटची पेनल्टी अंधारात, गोलरक्षकाला चेंडू दिसत नाही, आणि हरलेला संघ निकाल मानत नाही. म्हणून पाहुणे आले नाहीत तरी वेळेवर शिट्टी. भाषणं मध्यंतरात अजिबात नाहीत. मध्यंतर 15 मिनिटांपेक्षा जास्त असूच शकत नाही आणि तेवढ्यात थंड झालेले पाय दुसऱ्या हाफमध्ये आखडतात.

नेत्यांना लांब ठेवा असं मी म्हणत नाही. मैदान दुरुस्त करायला, ड्रेनेजला, फ्लडलाइटला निधी त्यांच्याकडूनच येतो आणि तो मागायलाच पाहिजे. पण 13 डिसेंबर 2025 ला कोलकात्यात सॉल्ट लेक स्टेडियमवर काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. मेस्सीभोवती नेते आणि व्हीआयपींचा एवढा गराडा पडला की पैसे भरून आलेल्या लोकांना तो नीट दिसलाच नाही. तो लवकर निघून गेला आणि खुर्च्या मैदानात आल्या. लोकांचा राग मेस्सीवर नव्हता.

मिरज_लेफ्टबॅक

सगळ्यांचे आभार. नाव बदलायचा ठराव मांडतो. अडचण एकच, चार संघांच्या जर्सी छापून आल्यात. सबलिमेशन प्रिंट आहे. पुसता येईल का? की वरून चिकटपट्टी लावू?

शिट्टी_सातारा

सबलिमेशनचा रंग कापडाच्या धाग्यातच मुरतो, तो निघत नाही. उष्णतेनं चिकटवलेलं व्हिनाइल असतं तर सोलता आलं असतं. चिकटपट्टी घामानं मध्यंतराच्या आत सुटते आणि मग प्रत्येक खेळाडूला बाहेर काढत बसावं लागेल. त्या जर्सी सरावाला वापरा. सामन्यासाठी बिनछपाईचे एकरंगी शर्ट घ्या, मागे नंबर व्हिनाइलचा लावा. बजेट नसेल तर नंबर असलेले बिब (सरावाला घालतात त्या बिनबाह्यांच्या बंड्या) वरून घाला, पण ते पुढून फोटो पूर्ण झाकतात का ते आदल्या दिवशी घालून बघा. गोलरक्षकाला दोन्ही संघांपेक्षा वेगळा रंग लागतो, त्याचं बिब वेगळं मोजा. आणि चारही संघांना हे आज लेखी कळवा. फायनलच्या दिवशी मैदानावर सांगितलंत तर कुणी ऐकणार नाही.