लाखाच्या हेडफोनला ईक्यू लावायचा की नाही? तंबोऱ्यावरून ठरवूया

टिळकवाडी_तंबोरा (धागा सुरू)

महागड्या हेडफोनवर ईक्यू (इक्वलायझर, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींचा आवाज वर-खाली करणारी सोय) लावणं म्हणजे त्याच्या आवाजात भेसळ करणं, असं आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातले बरेच ऐकणारे अजून मानतात. माझं मत याच्या उलट आहे. ईक्यू महाग हेडफोनलाच जास्त मानवतो. चांगल्या ड्रायव्हरमध्ये (हेडफोनमधल्या छोट्या स्पीकरमध्ये) विकृती कमी असते, डाव्या-उजव्या बाजू जुळलेल्या असतात, त्यामुळे थोडं उचललं किंवा दाबलं तरी तो तक्रार करत नाही. स्वस्त ड्रायव्हरचा बास ६ डीबीने (डेसिबलने) उचलला की तो फडफडतो.

उदाहरण म्हणून सेनहायझर एचडी ८०० घ्या. २००९ साली आलेला हा हेडफोन मोकळेपणात आजही पहिल्या रांगेतला आहे. पण ६ किलोहर्ट्झच्या आसपास त्याला एक उंचवटा आहे. कंपनीने पुढे एचडी ८०० एस काढला, तेव्हा हाच उंचवटा शोषून घेणारी रचना आत बसवली. जे काम कंपनीने यांत्रिकरीत्या केलं तेच आपण एका फिल्टरने करू शकतो.

एचडी ८०० साठी सुरुवात म्हणून एवढंच लावा:
प्रीॲम्प −४.५ डीबी
पीक फिल्टर ६००० हर्ट्झ, −५ डीबी, क्यू ३
लो शेल्फ १०० हर्ट्झ, +४ डीबी, क्यू ०.७

बस्स, दोनच फिल्टर. पीक फिल्टर एका जागेचा आवाज वर-खाली करतो, क्यू जितका मोठा तितका तो अरुंद. लो शेल्फ ठरलेल्या जागेच्या खालचा सगळा भाग उचलतो. प्रीॲम्प एकूण पातळी ठरवतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर आणि ते चालवायला पीस बसवा. अँड्रॉइडवर वेव्हलेट हे ॲप आहे, पण त्यात असा एकेक फिल्टर घालता येत नाही, तिथे पूर्ण वक्रच भरावा लागतो. विरोध असेल तर मुद्द्यासकट मांडा.

जोडतार

विरोध आहे, आणि मुद्देही आहेत.

पहिला मुद्दा बासचा. आपल्याकडे हे हेडफोन मुख्यतः ख्यालासाठी वापरले जातात. पुरुष गायक काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळी पट्टीला षड्ज धरून) गातो असं धरा. तंबोऱ्याच्या जोडाच्या (मधल्या षड्जाच्या दोन) तारा साधारण १३८.६ हर्ट्झला लागतात आणि खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालची तार, ६९ ला. बाई काळी चारला गात असेल तर खर्ज १०४. त्याखाली उरतो डग्गा, आणि त्याची घुमकसुद्धा ५०-६० च्या खाली फारशी जात नाही. मग १०० खाली ४ डीबी उचलून नेमकं काय मिळालं? माइकच्या स्टँडमधून आलेली धडधड आणि हॉलमधल्या पंख्याची घरघर.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. हे सगळे प्रीसेट (फिल्टरांचे तयार आकडे) निघतात कुठून? कृत्रिम कानावर केलेल्या मोजणीतून. तो कान तुमचा नाही. ८-९ किलोहर्ट्झच्या वर तर हेडफोन बोटभर पुढे-मागे सरकला तरी आलेख बदलतो. त्यावर हारमन टार्गेट ठेवायचं, म्हणजे हारमन कंपनीत संशोधन करताना शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी अनेक श्रोत्यांच्या पसंतीतून काढलेली सरासरी. सरासरी माणसाला आवडेल म्हणून आपल्या तंबोऱ्याची जवारी (तारेचा झणझणता, स्वरांशांनी भरलेला नाद) दाबायची?

आणि तिसरा मुद्दा: मूळ रेकॉर्डिंग कुठल्या माइकने केलं, कुठल्या स्पीकरवर तपासलं, हे कुणालाच ठाऊक नसतं. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यालाच गोंधळाचं वर्तुळ म्हणतात. मापच माहीत नसताना दुरुस्ती कशाची करायची?

निपाणी_वायर

जोडतार बरोबर बोलतायत बघा. शिवाय ईक्यू लावला की आवाजातला जीव जातो. चालू-बंद करून ऐका की, फरक लगेच कळतो. बंद केला की गवई समोर येऊन बसतो.

शहापूर_सोल्डर

निपाणीकर, त्या 'जीव जातो'चं कारण वेगळं आहे. पीसमध्ये ईक्यू बंद केला की फिल्टरबरोबर प्रीॲम्पही निघून जातो. म्हणजे बिनाईक्यूचा आवाज ४.५ डीबी जोरात येतो. माणसाचा कान १ डीबी जास्त आवाजालाही 'स्पष्ट, जिवंत' म्हणतो. ही तुलनाच समान पातळीवर नाही ओ.

बरोबर तुलना अशी करा. दोन प्रोफाइल बनवा, एक ईक्यूचं, एक मोकळं. मोकळ्यातही प्रीॲम्प ठेवा. मग पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट) लावून दोन्ही कानाला सारखे वाटेपर्यंत मोकळ्याचा प्रीॲम्प ०.५ डीबीने हलवत जा. लो शेल्फमुळे ईक्यूवालं थोडं जड वाटेल, म्हणून मोकळ्याचा प्रीॲम्प बहुतेक −४.५ ऐवजी −४ च्या आसपास थांबतो. मल्टिमीटरने मोजायच्या फंदात पडू नका. साध्या मीटरची एसी रेंज मेन्सच्या ५० हर्ट्झसाठी असते, वरच्या फ्रिक्वेन्सीवर तो कमी दाखवतो.

प्रीॲम्प विसरणं ही त्याच्याही आधीची चूक. +४ चा शेल्फ लावला आणि प्रीॲम्प ० ठेवला, तर गाण्याचे शेंडे डिजिटल पातळीवरच कापले जातात. तबल्याची चाट (कडेवरचा बोल) चिरकी येते आणि मग शिव्या हेडफोनला. नियम सोपा: सगळ्या फिल्टरांच्या एकत्र वक्राचं सर्वांत उंच टोक बघा, तेवढं खाली या, वर अर्धा डीबी राखीव. ६ डीबी खाली आलात म्हणजे एक बिट गेला. २४ बिटांच्या डॅकवर (डिजिटल डेटाचा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या यंत्रावर) त्याची चिंता करू नका.

टिळकवाडी_तंबोरा

जोडतार, तुमचा बासचा मुद्दा ख्यालापुरता मान्य. सेनहायझरच्याच एचडी ६५० वर ख्याल ऐकताना शेल्फ लावायची गरज नाही. त्याचा बास ६९ च्या खर्जापर्यंत व्यवस्थित आहे, उतरतो तो त्याच्या खाली. एचडी ८०० चा बास मुळात सडपातळ, तिथे २ डीबी पुरे. पण सिनेसंगीत किंवा ऑर्गन ऐकणाऱ्याला ते ४ लागतात.

जवारीचं मात्र मान्य नाही. काळी एकच्या षड्जाचा ४३ वा स्वरांश (मूळ स्वराच्या ४३ पट फ्रिक्वेन्सी) ५९६० हर्ट्झला येतो, म्हणजे बरोबर त्या उंचवट्यावर. ४१ ते ४५ हे स्वरांश शेजाऱ्यांपेक्षा ४-५ डीबी वर आले की जवारी रेशमासारखी पसरत नाही, पत्र्यावर वाळू पडल्यासारखी खरखरते. मिरजेचा जुळलेला तंबोरा समोर बसून ऐकलेल्याला हे लगेच टोचतं. फिल्टर इथे जवारी दाबत नाही. हेडफोनने तिच्यात घातलेली वाळू तेवढी काढतो.

तुमच्या गोंधळाच्या वर्तुळावरही याच्यातूनच उपाय निघतो. एकच रेकॉर्डिंग ऐकून निकाल देऊ नका. काळी एकचा गायक, काळी चारची गायिका, एखादी सतार, एखादं भावगीत, वेगवेगळ्या काळातलं आणि वेगवेगळ्या स्टुडिओतलं असं आठ-दहा घ्या. काळी चारला ६ किलोहर्ट्झजवळ २९ वा स्वरांश येतो, ४३ वा नाही. स्वर बदलला, वाद्य बदललं, माइक बदलला, तरी खरखर त्याच जागी राहिली तर दोष हेडफोनचा. एकाच रेकॉर्डिंगमध्ये असेल तर तो रेकॉर्डिंगचा, तिथे हात लावायचा नाही.

जोडतार

ही कसोटी पटली, आधी कुणी अशी मांडली नव्हती. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, आणि तंबोरे जुळवण्यातला त्यांचा काटेकोरपणा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं रेकॉर्डिंग ऐकताना तंबोरा खरखरला तर संशय हेडफोनवरच घ्यावा, हे खरं.

पण मग प्रीसेट जसाच्या तसा उतरवू नका, एवढं तरी मोठ्या अक्षरात लिहा. ऑटोईक्यूची (मोजणीवरून प्रीसेट काढणाऱ्या प्रकल्पाची) दहा फिल्टरांची यादी लोक आहे तशी चिकटवतात. त्यात ९ किंवा १० किलोहर्ट्झला क्यू ५-६ चे अरुंद फिल्टर असतात. तिथला खड्डा कृत्रिम कानाच्या पाळीतल्या परावर्तनामुळे पडलेला असू शकतो. तुमच्या कानात तो खड्डा नसतोच, आणि तुम्ही तिथे ५ डीबी भरता. मग 'स'कार सुरीसारखे येतात. शिवाय परावर्तनाने पडलेला खोल खड्डा भरायला फार अवघड असतो, कारण थेट ध्वनी वाढला की त्याला रद्द करणारा ध्वनीही तेवढाच वाढतो.

आणखी एक. एवढ्या पैशांत मुळातच हवा तसा आवाज देणारा हेडफोन का घेऊ नये? नाहीतर गरम स्वभावाचा ट्यूब ॲम्प. निदान तिथे सॉफ्टवेअरची लुडबुड नाही.

शहापूर_सोल्डर

ट्यूब ॲम्प म्हणजेसुद्धा ईक्यूच, फक्त नॉब नसलेला. हिशेब मांडतो. एचडी ६०० आणि ६५० ची इंपीडन्स (विजेला होणारा अडथळा) ३०० ओहम लिहिलेली असते, पण १०० हर्ट्झजवळ ती ५०० च्या वर जाते. ॲम्पची आउटपुट इंपीडन्स १२० ओहम धरा. ३०० ओहमच्या जागी ड्रायव्हरला ३००/४२०, म्हणजे ७१ टक्के व्होल्टेज मिळतं. ५०० च्या जागी ५००/६२०, म्हणजे ८१ टक्के. फरक सुमारे १ डीबी, तोही अगदी तिथे, जिथे एचडी ६५० आधीच थोडा फुगलेला आहे. हा फुगवटा तुम्हाला हवा तिथे सरकवता येत नाही, कमीही करता येत नाही. पॅरामेट्रिकमध्ये (जागा, डीबी आणि क्यू आपण ठरवतो अशा ईक्यूमध्ये) तीन आकडे टाकले की काम होतं, आणि पुसताही येतं.

पॅडचंही तसंच. पॅड दबले की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, बास आणि वरचा भाग दोन्ही बदलतात. दोन वर्षं वापरलेल्या पॅडवर नव्या पॅडच्या मोजणीचा प्रीसेट लावणं चूकच. आधी पॅड बदला, मग ईक्यूला हात लावा.

पावसाळी_खानापूर

जोडतार दादा, 'हवा तसा हेडफोन घ्या' हे लिहायला सोपं आहे. आपल्या भागात लाखाचा हेडफोन डोक्यावर घालून बघायची सोय सहसा नसते. त्यासाठी पुणं साडेतीनशे किलोमीटर, बेंगळुरू पाचशे. लोक परीक्षणं वाचून मागवतात आणि आलेला हेडफोन स्वीकारतात. त्यांच्यासाठी ईक्यू ही गरज आहे.

मात्र एक गोष्ट खानापूरकडून सांगायलाच हवी. जून ते सप्टेंबर इथे पत्र्यावर पाऊस कोसळत असतो. ओपन-बॅक (मागून उघडा) हेडफोन बाहेरचा आवाज जराही अडवत नाही. पावसाच्या आवाजात डग्गा बुडतो, मग माणूस शेल्फ वाढवतो, आवाज वाढवतो. पाऊस थांबला की तोच ईक्यू चिखलासारखा वाटतो. पावसातला ईक्यू पावसापुरताच ठेवावा, किंवा त्या महिन्यांत क्लोज्ड-बॅक (मागून बंद) वापरावा. क्लोज्ड-बॅकमध्ये पुन्हा सील (पॅड कानाभोवती फट न ठेवता बसणं) महत्त्वाचं. चष्म्याची काडी पॅडखाली गेली की फट पडते आणि तिथूनच खालचा बास गळतो. ती फट +६ च्या शेल्फने बुजत नाही. पातळ काडीचा चष्मा किंवा मऊ पॅड लागतो. दमट हवेत रेक्झिनच्या पॅडना पापुद्रे सुटतात, म्हणून तिकडे वेलूर (मखमली कापड) बरं, पण वेलूरने बास थोडा कमी होतो. म्हणजे पॅड बदलला की ईक्यूही नव्याने.

निपाणी_वायर

प्रीॲम्प सारखा ठेवून ऐकलं. 'जीव जातो' हे शब्द मागे घेतो. पण फोनवरून युएसबी डॅकला लावल्यावर ईक्यूचा काहीच परिणाम दिसत नाही, तो का?

शहापूर_सोल्डर

डॅकला थेट डेटा पाठवणारं ॲप असेल तर ते अँड्रॉइडचा ध्वनीमार्ग ओलांडून जातं, त्यामुळे वेव्हलेट वाटेतच येत नाही. त्या ॲपच्या आतला पॅरामेट्रिक वापरा. विंडोजवर एएसआयओ किंवा वासापी एक्सक्लुझिव्ह मोडमध्येही (विंडोजचा नेहमीचा ध्वनीमार्ग टाळून थेट डॅककडे जाणाऱ्या पद्धतींमध्ये) एपीओ असाच बाजूला पडतो. उलट बाजूनेही घोळ होतो: फोनचा स्वतःचा डॉल्बी चालू आणि वर वेव्हलेट, म्हणजे दोन ईक्यू एकावर एक. आधी फोनचं सगळं बंद करा.

जोडतार

टिळकवाडी, शेवटचा प्रश्न. ६००० हा आकडा तुमच्या डोक्यावर जुळला. माझ्या कानात उंचवटा ५७०० ला असेल तर? प्रीसेट न उतरवता शोधायचा कसा?

टिळकवाडी_तंबोरा

साइन टोन जनरेटर घ्या. आवाज बोलण्यापेक्षाही हळू ठेवा, ६ किलोहर्ट्झचा शुद्ध टोन मोठ्याने ऐकणं कानाला बरं नाही. ४००० पासून ८००० पर्यंत सावकाश सरकत जा. जिथे टोन अचानक पुढे येतो, तो आकडा लिहून ठेवा. हेडफोन काढा, पुन्हा घाला, पुन्हा सरका. असं पाच वेळा. आकडा ५६५० ते ५८०० मध्येच राहिला तर उंचवटा खरा. फिल्टर ५७०० ला बसवा. दर वेळी हजार-हजाराने पळत असेल तर तो तुमच्या पाळीचा आणि बसण्याच्या जागेचा खेळ, तिथे फिल्टर नको.

३ किलोहर्ट्झजवळही टोन वर आलेला वाटेल. त्याला हात लावू नका, ती आपल्या कानाच्या नळीची नैसर्गिक वाढ आहे आणि समोर बसलेल्या गवयाचा आवाजही आपण तिच्यासकटच ऐकतो. सगळे टोन सारखे ऐकू येईपर्यंत सपाट करत बसलात तर आवाज मेणासारखा होतो.

फिल्टर साधा मिनिमम-फेज (बहुतेक ईक्यूंचा नेहमीचा प्रकार) ठेवा, लिनिअर-फेज (सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर करणारा) नको. हेडफोन स्वतः बहुतांशी मिनिमम-फेज असतो, त्यामुळे उंचवटा खाली आला की त्याच्याबरोबरचं रेंगाळणंही कमी होतं. लिनिअर-फेजमध्ये चाटेच्या आधीच एक पुसट झणक तयार होऊ शकते. कपात −३ पासून सुरू करा, दोन-तीन दिवस तेवढ्यावर ऐका, मग गरज वाटली तर १-१ डीबीने खाली जा.

जोडतार

−३ ने सुरुवात, क्यू ३, शेल्फ नाही, ९ च्या वर काहीही नाही. एवढ्यावर ऐकायला तयार आहे. खर्जातून आपोआप निघणारा स्वयंभू गंधार (तारेचा पाचवा स्वरांश), म्हणजे काळी एकला साधारण ३४६ हर्ट्झ, आहे तसाच राहिला पाहिजे. त्या भागाला कुणी 'चिखल काढायचा' म्हणून हात लावला तर पुन्हा भांडायला येईन.