थर्मोस्टॅट काढू नका, आधी झाकण बघा
गाडी तापते अशी तक्रार केली की ‘थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, अडवणारी झडप) काढून टाका’ असं कोणीतरी सुचवतं; हा सल्ला मला पटत नाही. तुमची जुनी मारुती ८०० नेमकी कधी तापते? सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, असं असेल तर पंखा, त्याचा रिले (पंख्याला वीज जोडणारा भाग) किंवा फॅन स्विच (इंजिन तापलं की पंखा चालू करणारा) तपासा. घाटात, हायवेला चढत असेल तर बहुधा रेडिएटर (कूलंट थंड करणारी पुढची जाळी) आतून चोंदलाय, नाहीतर वॉटर पंप थकलाय. रेडिएटरच्या झाकणाचं रबर मात्र कोणीच बघत नाही! दाब टिकला नाही की कूलंट लवकर उकळतं. गाडी पूर्ण थंड असताना झाकण काढून इंजिन चालू करा. सुरुवातीची हवा निघून गेल्यावरही बुडबुडे येतच राहिले तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय धरा आणि गाडी अजिबात दामटू नका. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तापून वाकतं.