भोकाच्या मधोमध तांबं बसत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. दोन्ही बाजूंना तांबं असलेल्या पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाच्या) भोकांना आतून तांब्याचा थर देण्याचा प्रयत्न दोन महिने सिंहगड रोडवरच्या गच्चीत चालू आहे. आता पुरता अडकलोय.

बोर्ड एफआर-४ (काच आणि रेझिनचा), १.६ मिमी जाड, १० बाय ८ सेंमी, त्यात ०.८ मिमीची ४० भोकं. वीज वाहून नेणारी ग्राफाइटची शाई व्हॅक्यूम क्लीनरने भोकांतून ओढून घेतो, वाळवतो, वरची शाई घासून काढतो. द्रावणात लिटरला २०० ग्रॅम मोरचूद आणि ५० ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड. मोरचूद इंदापूरच्या मामांकडचं, डाळिंबाला बोर्डो मारून उरलेलं, ॲसिड बॅटरीवाल्याकडचं. ॲनोड (धन टोक) एकाच बाजूला, जुन्या वायरिंगच्या तांब्याच्या तारेचा. ६ अँपिअर, ३० मिनिटं.

काठावर सुंदर गुलाबी तांबं येतं, पण मीटर लावला की ११ भोकं वाजतच नाहीत, म्हणजे त्यांतून वीज आरपार जात नाही. एक भोक उभं कापून भिंगाखाली पाहिलं. दोन्ही तोंडांशी जाड थर, मधे काळा पट्टा तसाच. बोर्डाचे कोपरे मात्र खरबरीत, तपकिरी.

बाहेरून करून घ्या, असं कृपया सांगू नका. बुधवार पेठेत पार्ट घेताना दुकानातले काकाही तेच म्हणाले. पण रविवारी माझ्याकडे आयटीआयची सात-आठ मुलं येतात. काच आणि रेझिनच्या भिंतीतून वीज वाहत नाही, तरी तिच्यावर तांबं कसं चढतं, हे त्यांनी स्वतः पाहावं असं मला फार वाटतं. कारखान्यात पॅलेडियमचे कण बसवून आधी विजेशिवाय तांबं चढवतात, पण त्या द्रावणात सहसा फॉर्माल्डिहाइड असतं. मुलांजवळ ते नको.

प्रतिसाद:
भोसरीत प्लेटिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. शाईच्या आधी द्रावण बदला. तुमचं प्रमाण शोभेच्या वस्तूंना मुलामा देण्याचं आहे. भोकासाठी मोरचूद ७० ग्रॅम आणि ॲसिड १९० ग्रॅमच्या आसपास हवं. ॲसिड वाढलं की द्रावणातून वीज सहज वाहते, मग ती काठावरच न अडता भोकाच्या पोटापर्यंत पोचते. १.२५ घनतेचं बॅटरी ॲसिड असेल तर लिटरमागे साधारण ४५० मिली लागेल. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. मुलांना गॉगल आणि हातमोजे द्याच.

करंटही जास्त आहे. दोन्ही बाजू मिळून १.६ चौरस डेसिमीटर, म्हणजे तुम्ही चौरस डेसिमीटरला पावणेचार अँपिअर देताय. कोपरे त्यानेच जळले. पहिली १५ मिनिटं पाऊण अँपिअरवर ठेवा, तांबं काठाकडून हळूहळू आत सरकू द्या. मग ३ अँपिअरवर तासभर, २५ मायक्रॉनच्या जवळ जाल. ॲनोड दोन्ही बाजूंना लावा आणि बोर्ड सतत हलता ठेवा. भोकात बुडबुडा अडकला की तिथे काहीच बसत नाही. शेतीचा मोरचूद विरघळवल्यावर गाळून घ्या.

धागाकर्ता:
काका, मनापासून आभार. काल केलं, ४० पैकी ३९ वाजली! राहिलेल्या भोकात शाईचा गोळा अडकला होता. बोर्ड धुतलेलं पाणी कॅनमध्ये साठवलंय, मोरीत ओतायला मन होत नाही. त्याचं काय करू?

प्रतिसाद:
ओतू नकाच. त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा टाका. फेस येईल, तो थांबेपर्यंत टाकत राहा. निळा-हिरवा गाळ तळाशी बसला की गाळून वाळवा, बरणीत बंद करा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. मुख्य द्रावण टाकायचं नाही, झाकून ठेवलं तर पुढच्या रविवारीही चालेल.