मदत हवी आहे : बिडीच्या सुट्टीमुळे कारखान्याच्या पाळीत सर्दी-ताप पसरतो का?

साचेवाला
शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मी पाळीप्रमुख आहे. सध्या आमच्याकडे आजारपण असे एकामागून एक चालू आहे, की ओतकामाचे वेळापत्रक पार कोलमडले आहे. एक कामगार बरा होऊन परततो तोवर दुसऱ्याने अंथरूण धरलेले असते. भट्टीत लोखंड तयार आहे आणि साचे लावायला माणसे नाहीत, ही अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना माझी घाई समजेल. प्रश्न सरळ आहे : बिडी ओढल्यामुळे हा संसर्ग पसरतो आहे का? उद्या सकाळी व्यवस्थापकांना उत्तर द्यायचे आहे. धूम्रपान आरोग्यास घातक असते हे मला ठाऊक आहे, ते कृपया पुन्हा सांगू नये.

उत्तरेश्वर_पेठ
हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. आजारपण म्हणजे नेमके काय, ताप आहे की नुसता खोकला? बिडी न ओढणारेही आजारी पडले आहेत का? आणि ही मंडळी बिडी कोठे ओढतात?

आजीचा_बटवा
सर्वांना सकाळी आले, तुळस, मिरी आणि गवती चहाचा काढा द्यावा आणि पाळी सुटल्यावर वाफ घ्यायला लावावे. आमच्या घरी अनेक वर्षे हाच उपाय चालतो आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ क्वचितच येते.

छातीरोग_निवासी
काढ्याने घशाला आराम पडतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु वाफेने विषाणू मरत नाही आणि उकळत्या पाण्याने भाजलेले रुग्ण आम्ही पाहतो, म्हणून कारखान्यात हा प्रयोग करू नये.

मूळ प्रश्नाविषयी. श्वासनलिकेच्या आतील अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात आणि ते कफासह धूळ व जंतू सतत वर ढकलत असतात. तंबाखूच्या धुराने त्यांची हालचाल मंदावते, पुढे ते झडतातही, आणि त्यामुळे आत आलेला विषाणू बाहेर टाकला जाण्याऐवजी तेथेच टिकतो. इस्रायलच्या एका लष्करी तुकडीत फ्लूची साथ आली होती, तिचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान करणाऱ्या जवानांपैकी ६८.५ टक्के, तर न करणाऱ्यांपैकी ४७.२ टक्के जवानांना फ्लू झाला होता. सारे एकाच वयोगटातले आणि एकाच ठिकाणी राहणारे होते, म्हणून ही तुलना मला तुमच्या पाळीसाठी विशेष बोलकी वाटते.

भट्टीपाळी
मी स्वतः फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या कामात, अनेक वर्षे काढली आहेत. सगळा दोष बिडीवर टाकणे मालकांना सोयीचे असते. छाती बिघडते ती वाळूतील सिलिकाच्या धुळीने. सिलिकोसिस, म्हणजे ही धूळ फुफ्फुसात साचून होणारा आजार, सरकारला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. धूळ शोषणारी यंत्रणा चालू आहे की बंद, हे आधी सांगा. शिवाय २०२० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनीच निकोटिनमुळे कोरोनापासून संरक्षण मिळत असावे असे म्हटले होते, त्याचे काय?

छातीरोग_निवासी
धुळीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. धूळ आणि धूर दोन्ही मिळून छातीचे नुकसान अधिक करतात. फ्रान्समधील तो तर्क मात्र रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये धूम्रपान करणारे कमी दिसले, एवढ्यावरच उभा होता आणि पुढे तो टिकला नाही. धूम्रपान करणाऱ्यांना कोरोना अधिक तीव्र होण्याची शक्यता असते, असे जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी सांगितले.

साचेवाला
ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. तीन-चार दिवसांत ताप उतरतो, अशक्तपणा मात्र राहतो. धूळ शोषक चालू आहे. सुट्टीत सगळे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतात, कारण पावसामुळे दुसरीकडे जागा नाही. बंडल संपत आले की एकच बिडी तीन-चार जणांत फिरते. बिडी न ओढणारेही आजारी आहेत, पण त्यांचा डबाही त्याच शेडमध्ये होतो.

उत्तरेश्वर_पेठ
मग उत्तर तुमच्या शेडमध्येच आहे. धुरात विषाणू तयार होत नाही. पण आजारी माणूस झुरका सोडतो तेव्हा धुराबरोबर त्याचा श्वासही बाहेर पडतो, आणि त्या श्वासात विषाणू असतो. तुम्हाला ज्याच्या बिडीचा वास येतो, त्याने सोडलेली हवा तुमच्यापर्यंत पोहोचलेली असते. त्यात मास्क उतरवलेले, तोंडे एकमेकांकडे, आणि एकाची लाळ लागलेली बिडी दुसऱ्याच्या ओठांत.

निपाणीकर
येथे एक बाजू कोणीच मांडत नाही. आमच्या निपाणी भागात तंबाखूवर हजारो कुटुंबे जगतात आणि बिड्या वळणाऱ्या बायका दिवसभर ती पूड श्वासात घेतात. बंदीची भाषा करताना त्यांच्या पोटाचाही विचार व्हावा.

करवीर_वाचक
निपाणीकर, तो प्रश्न खरा आहे आणि त्यासाठी स्वतंत्र धागा हवा. येथे बंदी कोणी मागितलेली नाही. ती कायद्याने आधीच आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे, २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत कामाचे ठिकाणही त्यात येते आणि दंड २०० रुपयांपर्यंत आहे.

भट्टीपाळी
दंड लावा, म्हणजे तीच मंडळी शौचालयात दडून ओढतील. तेथे खिडकीही नसते.

मावामुक्त
मावा खाऊन थुंकणाऱ्यांवरही कारवाई व्हावी. माझा मावा १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर बोलून सुटला. क्रमांक निःशुल्क आहे, बिडीसाठीही चालतो.

साचेवाला
सर्वांचे आभार, पण एवढ्यावर मी व्यवस्थापकांना काय सांगू? बिडी उद्याच्या उद्या कोणाची सुटणार नाही.

छातीरोग_निवासी
सुटणार नाही, हे बरोबर आहे. तरी ज्यांना सोडायची आहे त्यांना निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगगम आणि समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. उद्यासाठी सांगायचे ते असे : बिडी वाटून ओढणे आजपासून थांबवावे, डबा खाण्याची जागा शेडपासून वेगळी करावी, आणि ताप असलेल्याला पाळीवर घेऊ नये. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस संसर्ग पसरवू शकतो आणि त्यातील पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट असतात. ज्यांचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला आहे त्यांची थुंकी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात क्षयासाठी तपासून घ्यावी. धूम्रपान आणि सिलिका या दोन्हींमुळे क्षयाचा धोका वाढतो.

भट्टीपाळी
ताप असलेला माणूस येतो का, हे कोणी विचारलेच नाही. ठेक्यावरचा मुलगा घरी बसला तर त्या दिवसाची हजेरी जाते, म्हणून तो क्रोसिन घेऊन पाळीवर येतो आणि सुट्टीत त्याच शेडमध्ये बसतो. तुमची साथ येथून चालते.

करवीर_वाचक
कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असेल तर आजारपणात सुमारे ७० टक्के वेतन मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत.

भट्टीपाळी
मिळते, पण पहिले दोन दिवस धरत नाहीत. फ्लूमध्ये माणसाने घरी राहायला हवे ते नेमके तेच दोन दिवस.

साचेवाला
हे मला पटले. उद्या शेडच्या व्यवस्थेबरोबर हाच मुद्दा मांडतो : तापाच्या पहिल्या दोन दिवसांची हजेरी कंपनीने द्यावी, ठेक्यावरच्या मुलांनाही. एका ओतकामाचा खोळंबा त्याहून महाग पडतो, आणि तो आकडा माझ्याकडे तयार आहे. ठेकेदाराने सर्वांची विमा नोंदणी केली आहे का, याची यादीही मागवतो. अशी हजेरी कोणाच्या कारखान्यात दिली जात असेल तर ती कागदोपत्री कशी दाखवतात, एवढे आज रात्री कळवावे.