'मी डबा विसरले' हा कोणता प्रयोग? आणि 'वर' या शब्दाची जात कोणती धरायची?

भांडुपची आई

नमस्कार. मुलगा आठवीत आहे, इंग्रजी माध्यम. मराठीच्या चाचणीचा पेपर काल घरी आला. व्याकरणाच्या दहापैकी चार गुण. पेपर घेऊन दोघं रात्री स्वयंपाकघरात बसलो, पण दोन ठिकाणी मीही अडकले.

पहिलं. शब्दांच्या जाती ओळखा. 'मांजर वर गेली' आणि 'मांजर कपाटावर बसली'. त्याने दोन्हीकडे 'शब्दयोगी अव्यय' लिहिलं. पहिल्याला चूक, दुसऱ्याला बरोबर. तो मला विचारतो, "आई, शब्द तोच, मग जात बदलली कशी?" मला सांगता आलं नाही.

दुसरं. 'मी डबा विसरले' याचा प्रयोग ओळखा. शिकवणीत त्यांना सांगितलंय, वाक्यात कर्म असेल आणि काळ भूतकाळ असेल तर कर्मणी. इथे डबा हे कर्म आहे, काळही भूतकाळ आहे. त्याने कर्मणी लिहिलं आणि बाईंनी लाल रेघ मारली. बाईंचं चुकलंय असं मला म्हणायचं नाही. मला कारण हवं आहे, कारण हा मुलगा कारण कळल्याशिवाय पाठ करत नाही, आणि ती सवय मला मोडायची नाही.

परीक्षार्थी, मुलुंड

ताई, मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय, मराठीचा पेपर आम्हालाही असतो. आठ जाती दोन गटांत लक्षात ठेवायच्या. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे विकारी, म्हणजे लिंग, वचन, विभक्ती, काळ यांनी बदलणारे. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी (दोन शब्द किंवा वाक्यं जोडणारं), केवलप्रयोगी (नुसता उद्गार दाखवणारं) ही चार अव्ययं, म्हणजे न बदलणारे शब्द. प्रत्येक जातीचे वीस-पंचवीस शब्द पाठ करून घ्या. वर, खाली, मागे, पुढे, बाहेर हे सगळे शब्दयोगीत येतात. 'डबा विसरले' अपवाद आहे, तोही पाठ करायचा.

निवृत्त बाई, लालबाग

भांडुपच्या ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न अगदी नेमका आहे. तो शब्दाकडे बघतोय. वाक्यात तो शब्द कोणतं काम करतोय, तिकडे त्याला बघायला शिकवा.

मुलुंडच्या दादांनी दोन गट बरोबर सांगितले. पण शब्दांच्या याद्या पाठ करायला मी कोणत्याही मुलाला सांगणार नाही. एकतीस वर्षं लालबाग-परळच्या पालिका शाळांत मराठी शिकवलं. याद्या धडाधड म्हणणारी मुलं वाक्य समोर ठेवलं की गप्प व्हायची, हे मी दर वर्षी पाहिलं.

एक प्रसंग सांगते. गिरणी संपानंतरची ती वर्षं. सातवीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. एका दुपारी ड्युटी संपवून तसेच खाकी कपड्यांत मुलाचा विसरलेला डबा द्यायला आले. खांद्याला तिकिटांची पेटी. ते दारात दिसले आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पुढे चला, पुढे चला!" ते हसले, हातातला पंच पेटीवर टिकटिक वाजवला आणि गेले. मी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर चार वाक्यं लिहिली.

पुढे चला.
बस शाळेपुढे थांबली.
पुढचा दरवाजा उघडा.
पुढच्यांना उतरू द्या.

मग एकेक वाक्य घेतलं. 'पुढे चला' मध्ये 'पुढे' कोणाला चिकटलंय? कोणालाच नाही. चालायचं कुठे, एवढं ते सांगतंय, म्हणजे क्रियापदाची माहिती देतंय. क्रियाविशेषण अव्यय. 'शाळेपुढे' मध्ये तेच 'पुढे' शाळेला जाऊन चिकटलं आणि चिकटताना त्याने शाळेला बदललं. शाळा होती ती 'शाळे' झाली. हे सामान्यरूप. नामाला किंवा सर्वनामाला चिकटून त्याचं वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाशी नातं जोडतं, म्हणून शब्दयोगी अव्यय. 'पुढचा' दरवाजाबद्दल सांगतोय आणि दरवाजाप्रमाणे बदलतोय, पुढची खिडकी, पुढचे आसन. विशेषण. आणि 'पुढच्यांना' इथे मागे नाम उरलंच नाही, तोच शब्द माणसांच्या जागी उभा राहिला आणि 'ना' हा प्रत्ययही त्याने घेतला. नामासारखं काम.

त्यानंतर त्या वर्गाला मला ही गोष्ट पुन्हा समजवावी लागली नाही.

आता तुमचं मांजर. 'वर गेली', गेली कुठे? वर. क्रियाविशेषण. 'कपाटावर', कपाट या नामाला चिकटलं, कपाटचं 'कपाटा' झालं. शब्दयोगी. त्याला आणखी एक द्या, 'देवाने वर दिला'. इथे 'वर' हे चक्क नाम आहे, त्याचा त्या दोघांशी संबंधच नाही, फक्त अक्षरं सारखी.

मुलगा इंग्रजी माध्यमात आहे, म्हणून एक विचारते. तो निबंधात 'कपाटा वर', 'झाडा खाली' असं तोडून लिहितो का? लिहीत असेल तर गोंधळाचं मूळ तिथे आहे. इंग्रजीत 'ऑन द टेबल' म्हणताना 'ऑन' नामाच्या आधी येतो आणि सुटा राहतो. मराठीत तेच काम करणारा शब्द मागून येतो आणि नामाला जोडूनच लिहायचा असतो. सुटा लिहिला की मुलाला 'वर गेली' आणि 'कपाटा वर' यांत फरक दिसणार कसा? आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा हे शब्द तोडून रंगवलेले असतात, आणि मुलं पाट्या वाचतच मोठी होतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

आणि तुमच्या भांडुपच्या स्टेशनवर रोज फुकट मिळणारा एक शब्द घ्या: फास्ट. 'फास्ट गाडी आली', विशेषण. 'गाडी फास्ट धावते', क्रियाविशेषण. 'मी फास्टने आले', 'फास्टला गर्दी असते', इथे ने आणि ला हे विभक्तीचे प्रत्यय लागले, म्हणजे मुंबईकराने त्याचं नाम करून टाकलं. कोणत्याही यादीत 'फास्ट' सापडणार नाही, आणि तरी तुमचा मुलगा तो तिन्ही प्रकारे अचूक वापरतो. व्याकरण त्याला येतंय. काय येतंय, तेवढं त्याला दाखवायचं.

प्रयोगावर स्वतंत्र लिहिते. डोळ्यांना आता विश्रांती हवी.

भांडुपची आई

बाई, खूप आभार. निबंधाची वही काढून पाहिली. 'घरा बाहेर', 'मित्रा बरोबर', 'पावसा मुळे', सगळं तोडून लिहिलंय. एका पानावर सात ठिकाणी. ते आजवर कोणी खुणावलंही नव्हतं. प्रयोगाची वाट बघते.

गिरगावातला वाचक

बाईंच्या म्हणण्याला जोडून थोडं. या आठ जाती मराठीच्या जन्मापासूनच्या नाहीत. यास्काच्या निरुक्त या प्राचीन संस्कृत ग्रंथात पदांचे, म्हणजे शब्दांचे, चारच प्रकार आहेत: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्ययं). आठांची चौकट इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने आली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं. ते मुंबईतच जन्मलेले, आणि पुढे त्यांना मराठीचे पाणिनी म्हटलं गेलं. मोरो केशव दामल्यांचं शास्त्रीय व्याकरण १९११ चं. जातींचे हे कप्पे माणसांनी अभ्यासासाठी केले, हे मुलाला जरूर सांगा. एखादा शब्द दोन कप्प्यांत बसला तर त्यात शब्दाचा दोष नाही, हे कळलं की भीती जाते.

निवृत्त बाई, लालबाग

आता 'मी डबा विसरले'.

सुरुवात क्रियापदापासून करायची. आपलं क्रियापद बहुधा शेवटी असतं. फलाटावरची घोषणा आठवा. "ही गाडी विद्याविहार, विक्रोळी, कांजुरमार्ग, नाहूर या स्थानकांवर" इथपर्यंत सगळे कान टवकारून उभे असतात, कारण थांबणार की थांबणार नाही हे अगदी शेवटी कळतं. वाक्याचं पृथक्करण करतानाही तसंच, आधी शेवट गाठायचा.

क्रियापद सापडलं की कर्ता शोधायचा. धातूला, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाला, 'णारा' लावून प्रश्न विचारायचा. 'मला भूक लागली', लागणारी कोण? भूक. म्हणून कर्ता भूक. 'मला' नव्हे. इथे मोठी माणसंही चुकतात, कारण भूक आपल्याला लागलेली असते.

मग प्रयोग. प्रयोग म्हणजे क्रियापद कोणाच्या मागे जातं, एवढंच. ते पाहायला माझी एकच रीत: वाक्यातली माणसं आणि वस्तू बदलून बघायच्या. तुम्ही स्वयंपाकघरात बसला होतात ना, तिथलीच वाक्यं घ्या.

'मी डबा भरला.' डब्याच्या जागी पिशवी ठेवा. 'मी पिशवी भरली.' क्रियापद बदललं. आता पिशवी काढा, डबा परत ठेवा, आणि तुमच्याऐवजी मुलाच्या बाबांना बोलू द्या. तेही 'मी डबा भरला' असंच म्हणतील. म्हणजे बोलणारा बदलला तरी क्रियापद हललं नाही, वस्तू बदलल्यावर मात्र हललं. क्रियापद कर्माच्या मागे आहे. कर्मणी.

आता 'मी डबा विसरले'. पिशवी ठेवा, 'मी पिशवी विसरले'. काहीच हललं नाही. बाबांना बोलू द्या, 'मी डबा विसरलो'. लगेच हललं. क्रियापद कर्त्याच्या मागे आहे. कर्तरी. तुमच्या शाळेतल्या बाईंचं बरोबर आहे.

मुलाला मुळात फसवतो तो 'मी'. 'मी' आणि 'तू' हे 'ने' प्रत्यय दाखवतच नाहीत, दोन्ही वाक्यांत सारखेच दिसतात. त्या जागी 'ती' आणा की झाकलेलं उघडं पडतं. 'तिने डबा भरला', पण 'ती डबा विसरली'. एकीकडे तिने, दुसरीकडे ती. हल्ली मुलं 'तिने डबा विसरला' असं म्हणताना ऐकते. तिथे थांबवून दुरुस्त करा, कारण ते कानाला एकदा बसलं की प्रयोग कधीच कळणार नाही.

विसरणे एकटं नाही. पिणे, शिकणे, बोलणे हे धातूही भूतकाळात कर्म असून कर्त्याच्या मागे जातात. 'ती चहा प्यायली', 'तो कविता शिकला', 'ती खोटं बोलली'. म्हणून शिकवणीतला नियम साफ खोटा नाही. बहुतेक सकर्मक, म्हणजे कर्म घेणाऱ्या, धातूंना तो लागू पडतो. पण तो काळावरून प्रयोग ठरवायला सांगतो, आणि प्रयोग ठरतो क्रियापदाच्या वागण्यावरून.

तिसरा प्रयोग भावे, तो लवकर आटपते. 'आईने मुलाला उठवले', 'आईने मुलीला उठवले', 'आईने मुलांना उठवले'. काहीही बदला, 'उठवले' जागचं हलत नाही. ते कोणाच्याच मागे नाही.

त्याला गोडी लागली तर शेवटी हे द्या: 'तू डबा भरलास', 'तू पिशवी भरलीस'. 'भरला', 'भरली' कर्माप्रमाणे बदलतंय आणि शेवटचा 'स' मात्र 'तू'चा आहे. एक क्रियापद दोघांनाही धरून चाललंय. याला कर्तृ-कर्म संकर प्रयोग म्हणतात. चाळीस वर्षं झाली, हे वाक्य फळ्यावर लिहिताना मला अजून आनंद होतो.

परीक्षार्थी, मुलुंड

बाई, माझ्या वहीत 'अपवाद' म्हणून अकरा वाक्यं लिहिलेली होती. माणसं-वस्तू बदलून बघितल्या तर त्यातली नऊ लगेच सुटली. उरलेली दोन संकराची निघाली. वहीतलं ते पान नव्याने लिहितोय. ताई, वर मी पाठ करायला सांगितलं होतं, ते सोडून द्या.

भांडुपची आई

काल रात्री जेवण झाल्यावर दोघं बसलो. मी 'मी डबा विसरले' म्हटलं, त्याच्या बाबांना म्हणायला लावलं, मग आजीला. आजी 'मी डबा विसरले' म्हणाल्या, तसा तो उठून उभा राहिला. "आजी आणि आई सारख्या, बाबा वेगळे. म्हणजे क्रियापद बोलणाऱ्याकडे बघतंय!" कर्तरी हा शब्द त्याने त्यानंतर उच्चारला, आधी नाही.

निबंधाच्या वहीतले सात शब्द त्याने पेन्सिलीने जोडले. घराबाहेर, मित्राबरोबर, पावसामुळे. 'पाऊस'चं 'पावसा' होतं हे मुळात लिहिलेलं होतंच, फक्त का होतं ते काल कळलं.

आज सकाळी शाळेत जाताना रिक्षात तो स्वतःहून म्हणाला, "आई, 'बस आली' मध्ये बस नाम. 'इथे बस' मध्ये क्रियापद. आणि तू रात्री म्हणालीस, 'बस! आता झोप', ते कोणतं?"

बाई, मी त्याला केवलप्रयोगी सांगितलंय. बरोबर ना?

निवृत्त बाई, लालबाग

बरोबर. त्याला विचारा, 'बसमध्ये बस' यातलं पहिलं 'बस' कोणाला धरून बसलंय.