चारा मशीन घेऊ की नको? उद्यापर्यंत सांगायचं आहे, मदत हवी

दर्यापूरवाला
नमस्कार मंडळी. बिनमातीचा हिरवा चारा ट्रेमध्ये उगवणारी मशीन पाहून आलो. कंपनीचा माणूस म्हणतो, १ किलो मक्याचा ८ दिवसांत १० किलो चारा होतो, गाईमागे २ लिटर दूध वाढतं, ढेप (पेंड) अर्धी होते. माझ्यासमोर वजन करून दाखवलं. भाव ३ लाख ८० हजार, उद्या संध्याकाळपर्यंत हो म्हटलं तर ४० हजार कमी. कोणी वापरली असेल तर घेऊ की नको एवढंच सांगा. फार लिहायला वेळ नाही.

कुटारवाला
राजेहो, डाक्टरपाशी जाऊन नुसतं "दुखते" म्हटलं तर तो गोळी कोनती देईन? गाई किती, संकरित का गावरान, मशीन रोज किती चारा देते, पानी कुठलं, लाईन किती तास?

नेपिअर_बेणे
मशीन सोडा. अर्ध्या एकरात सुपर नेपिअर गवत लावा आणि निवांत कापत बसा. बेणं माझ्याकडे आहे, पोचही करतो.

दर्यापूरवाला
९ गाई, एचएफ (होल्स्टीन, विदेशी जात) संकरित, ६ दुधावर. मशीन रोज २०० किलोची. नेपिअरचं विचारलं नव्हतं.

धारवेळ
मशीन बेधडक घ्या. फक्त व्हॅक्यूम ५० किलोपास्कलच्या वर जाऊ देऊ नका आणि सडाला लागणारे रबरी लायनर अडीच हजार धारांनंतर बदला, नाहीतर दगडी (कासेची सूज) होते.

कुटारवाला
चाऱ्याची मशीन आहे बाप्पा, धारेची नाही.

नागपूर_व्हेट
ओल्या वजनावर बोलतात तिथंच गोम आहे. मक्याच्या दाण्यात पाणी १० टक्क्यांच्या आसपास, ट्रेतल्या कोवळ्या चाऱ्यात ८५ च्या वर. १ किलो मका म्हणजे ९०० ग्रॅम सुका भाग. त्याचा ६ किलो चारा झाला (१० धरूच नका) तर १३ टक्के सुक्या भागानं ७८० ग्रॅम. वाढलं काहीच नाही, उलट घटलं, कारण कोंब फुटताना दाण्यातला स्टार्च जळतो. ४०० किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला साधारण १२ किलो सुका भाग लागतो. तुमच्या २०० किलोत येतो २६ किलो, म्हणजे दोन गाईंचं जेवण. त्यासाठी रोज ३३ किलो मका भिजवायचा. तोच मका भरडून घातला तर सुका भाग ३० किलो, आणि मशीन नकोच. चारा वाईट नाही, गाई आवडीनं खातात, जीवनसत्त्वं चांगली. पण ढेप अर्धी होते म्हणणाऱ्याला विचारा, कशाच्या जिवावर?

ट्रेवाला_यवतमाळ
कागदावरचं गणित बाजूला ठेवा. माझ्याकडे २ वर्षं चालू आहे, गाई तुटून पडतात, दूध वाढलं.

नागपूर_व्हेट
तेव्हा ढेप कमी केली होती का?

ट्रेवाला_यवतमाळ
नाही, ढेप तेवढीच. चारा वरून.

कुटारवाला
म्हंजे रोज मका वरून खाऊ घातला. मंग दूध वाढनारच ना भाऊ! मक्याचं श्रेय ट्रेले कायले?

ट्रेवाला_यवतमाळ
नवीन काही करायचंच नाही, म्हणूनच आपण मागे. मे महिन्यात मात्र मी बंद ठेवतो, ४४-४५ ला बुरशी धरते. कूलर लावून पाहिला, बिल परवडलं नाही.

गौळाऊ_वर्धा
मुळात एचएफ कशाला? गौळाऊ पाळा, आमच्या उन्हात तिला कूलर लागत नाही.

कुटारवाला
दूध किती देते तेही लिही.

गौळाऊ_वर्धा
दुधावर नका जाऊ, बैल पाहा.

गोठ्यातली_ताई
दादा, दर्यापूर म्हणजे खारपाण पट्टा. पाणी बोअरचं की नळाचं, दोनदा विचारायला लावू नका. चार लाख घालण्याआधी दोन किलो मका घाला. खाण्याचा मका घ्या, औषध लावलेलं बियाणं नको. रात्रभर भिजवा, ओल्या पोत्यात मोड आणा, दोन परातींत एकेक किलोचा पसरा. एकीला नळाचं पाणी, दुसरीला बोअरचं. आठव्या दिवशी तिरकी धरून अर्धा तास निथळू द्या, मग वजन. नंतर तोच चारा टिनावर कडक वाळवा आणि पुन्हा काट्यावर घ्या. सवलतीचं म्हणाल तर आमच्याकडे कडबा कटर विकणारा दर महिन्याला "आज शेवटचा दिवस" सांगत यायचा.

दर्यापूरवाला
पाणी शेतात बोअरचंच आहे. खारं आहे. बरं, करून पाहतो.

दर्यापूरवाला (१२ दिवसांनी)
नळाची परात: मुळांची पांढरी चटई झाली, उचलली तर अख्खी आली. निथळून ६ किलो १०० ग्रॅम. निथळण्याआधी काटा ७ च्या वर होता. तेव्हा आठवलं, त्या माणसानं टपकता चारा ट्रेसकट काट्यावर ठेवला होता. टिनावर तीन दिवस वाळवला, ८४० ग्रॅम. एका टोपल्यात मावला. बोअरची परात: अर्धे दाणे फुटलेच नाहीत, सहाव्या दिवशी आंबूस वास सुटला, उकिरड्यावर टाकली. सवलत अजून चालूच आहे, परवाच फोन आला.
एक सांगायचं राहिलं. पाहायला गेलो त्याच दिवशी २१ हजार टोकन दिलं होतं. ते परत मिळेल का?

कुटारवाला
हे आता सांगता राजेहो?

गोठ्यातली_ताई
पावती आहे? नगद दिले की फोनपेवरून? "परत मिळणार नाही" असं कुठं लिहून घेतलंय का? आधी व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी मागा. टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

नेपिअर_बेणे
टोकन परत आलं की बेण्याचं कळवा.

दर्यापूरवाला
नगद दिले. पावती नाही. त्यानं वहीत लिहिलं होतं, तेव्हा पोरानं मोबाइलवर फोटो काढला होता वाटते. तो शाळेतून आला की विचारतो.